घरखर्चातील काटकसर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा मला आधी हसूच आले. मी सातवीपर्यंत शिकलेली. वर्गात कविता म्हणायला उभे केले तरी माझे पाय कापत. पण बाई म्हणाल्या, "तुम्ही खर्चाची वही ठेवता, हे साऱ्या झरीला ठाऊक आहे. वहीत आहे तेच सांगा." तेव्हा वहीतलेच सांगते. त्या वहीत एक हिशेब मी कितीतरी वर्षे चुकीचा मांडत आले. आधी तोच सांगितला पाहिजे, म्हणजे पुढचे बोलायला मला तोंड राहील.

आमचे घर पाच माणसांचे. सासूबाई, आम्ही दोघे, एक मुलगी, एक मुलगा. चार एकर कोरडवाहू वावर. त्यात कापूस, कापसात तुरीची तासे, आणि एका तुकड्यात सोयाबीन. आपल्या झरी-जामणी भागात बहुतेकींचे असेच आहे, कोणाचे एकर जास्त, कोणाचे कमी. पैसा घरात येतो तो दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. खाणारी तोंडे मात्र बारा महिन्यांची. आषाढ लागला की बियाण्याची उधारी, खताची उधारी, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च, आणि डब्यात हात घातला तर तळ लागतो. हे दिवस बाईनेच निभवायचे असतात. कसे निभवते, ते कोणी विचारत नाही.

माझ्या सासूबाई एक आठवण नेहमी सांगतात. १९६५ साली देशात धान्याची फार टंचाई होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याची विनंती केली. सासूबाई तेव्हा परकऱ्या मुली होत्या. त्यांच्या माहेरी सोमवारी संध्याकाळी चूल पेटली नाही. वडील जेवले नाहीत, भाऊ जेवले नाहीत, कोणीच जेवले नाही. सासूबाई हे मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. मीही ती आनंदाने ऐकत असे. पुढे माझ्या मनात आले की सोमवार आमच्या घरात अजूनही आहे. गुरुवार आहे, एकादशी आहे, चतुर्थी आहे. फरक एवढाच की शास्त्रीजींच्या सोमवारी सारे घर उपाशी राहिले होते. आताच्या सोमवारी मी एकटी राहते. देवाचे उपास देवाला पोचोत, त्याबद्दल मला बोलायचे नाही. पण श्रावणात माझे उपास वाढत आणि दिवाळीनंतर कमी होत, यात देवापेक्षा पिठाच्या डब्याचा हात जास्त होता, हे मी आज कबूल करते.

उपास नसेल त्या दिवशीची रीतही तुम्हाला सांगायला नको. सगळ्यांना वाढून झाले की जे उरेल त्यात माझे जेवण. वरण उरले नाही तर चटणी. भाकर अर्धीच उरली तर अर्धी. दुपारी भूक लागली की कपभर चहा घ्यायचा, भूक मरते. रात्री वहीत लिहायचे, "आज भाजी आणली नाही, वीस रुपये वाचले." या ओळी माझ्या वहीत पानोपानी आहेत. मला त्या वाचून बरे वाटे. आपण हुशार गृहिणी आहोत असे वाटे.

२०२२ च्या कार्तिकात मी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेले होते. ओटी भरलेली होती. डोळ्यांपुढे काळोख आला आणि मी तासात पडले. आधी बायांना वाटले पान लागले, म्हणून सगळ्या पाय पाहू लागल्या. दवाखान्यात नेले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन. डॉक्टर म्हणाले, बाईमाणसाचे निदान बारा असावे. मला विचारले, "जेवता काय?" मी म्हटले, "सगळेच जेवतो." ते म्हणाले, "घरच्यांचे विचारत नाही. तुम्ही काय जेवता?" मला सांगता येईना.

तपासण्या, सलाइनमधून दिलेले लोहाचे औषध, जाण्यायेण्याचे भाडे, असे सहा हजार आठशे रुपये गेले. अकरा दिवस वेचणी बुडाली, तिचे तीन हजार तीनशे. एकूण दहा हजार शंभर. घरी आल्यावर मी वही काढली आणि माझ्या ताटातून मी किती वाचवत होते त्याचा हिशेब केला. ओढूनताणून धरले तरी दिवसाला दहा रुपये. वर्षाचे तीन हजार सहाशे पन्नास. म्हणजे पावणेतीन वर्षे अर्धपोटी राहून जे जमवले, ते त्या एका दुखण्याने नेले. आणि हा झाला फक्त पैशाचा हिशेब.

एवढ्यावर मी शहाणी झाले असते तर बरे होते. बाईची जात, बरे वाटू लागले की पुन्हा तेच. खरा धक्का पुढच्या पावसाळ्यात बसला. मुलगी तेव्हा नववीत होती. शाळेत मुलींचे रक्त तपासले आणि तिचे हिमोग्लोबिन नऊ निघाले. शाळेत मुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती ही पोरगी पोट दुखते म्हणून खिडकीबाहेर टाकत असे, हेही तेव्हा कळले. मी तिला खूप बोलले. घरात खायला असताना ही पाळी का यावी? ती गप्प राहिली. त्या रात्री मी मुद्दाम पाहत बसले. भावाला तिने वाढले, आजीला वाढले, वडिलांना वाढले. मग म्हणाली, "मले आता भूक नाही, आईसंगं जेवतो." आणि माझ्यासंगं बसून तिने उरलेल्या एका भाकरीचे दोन तुकडे केले. मोठा माझ्या ताटात टाकला, लहान आपल्या.

मैत्रिणींनो, तिला हे कोणी शिकवले नव्हते. मी तिला कधी म्हटले नव्हते की तू कमी खा. तिने फक्त मला पाहिले होते.

सरकारची २०१९ ते २०२१ मधली आरोग्याची मोठी पाहणी झाली. त्यात आपल्या महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांमागे चौपन्न बायांना रक्त कमी निघाले. या मंडपात आज साठ-सत्तर जणी आहोत. आजूबाजूला एकदा पाहून घ्या.

तेव्हापासून वहीत एक नवी रीत सुरू केली. बचत लिहायची, पण ती कोणाच्या ताटातून आली हे पुढे लिहायचे. ताटातून आलेली बचत बचत धरायची नाही. मग कुठून वाचवायचे? ते आता सांगते.

सगळ्यांत मोठी गोष्ट तुरीची. आपण तूर पिकवतो आणि डाळ विकत आणतो. २०२३ च्या संक्रांतीच्या सुमारास, दवाखान्याचे देणे होते म्हणून, आम्ही झाडून सारी तूर विकली. किलोला बहात्तर रुपये पडले. त्याच वर्षी आषाढात मी दुकानातून डाळ आणली ती दीडशेने. आमच्या घरी महिन्याला पाच किलो, म्हणजे वर्षाला साठ किलो डाळ लागते. दीडशेच्या भावाने तिचे नऊ हजार होतात. आता पाहा. घरच्या दीड किलो तुरीची साधारण एक किलो डाळ निघते. साठ किलोला नव्वद किलो तूर लागली. बहात्तरच्या भावाने ती सहा हजार चारशे ऐंशीची. मध्ये अडीच हजार रुपये गेले. आणि चुनी आपली राहिली असती, ती गाईला झाली असती, तेही गेले.

पुढच्या वर्षी मी हट्ट धरला की खाण्यापुरती तूर विकायची नाही. नेमका त्या वर्षी भाव नऊ हजारांच्या वर गेला. ह्यांचे म्हणणे, एवढा भाव पुन्हा मिळणार नाही, सगळी काढू. दोन दिवस घरात बोलणे बंद होते. शेवटी सासूबाई माझ्या बाजूने बोलल्या, तेव्हा एक क्विंटल घरात राहिली. उन्हाळ्यात डाळ आणखी महागली तेव्हा ह्यांनी काही म्हटले नाही, पण वरण दोनदा मागून घेतले. खरे तेही सांगते, २०२५ मध्ये डाळ बरीच उतरली आणि तूर ठेवण्याचा फायदा थोडाच राहिला. फायदा दर वर्षी सारखा नसतो. पण डब्यात डाळ असली की आषाढात दुकानदाराच्या पुढे उभे राहावे लागत नाही, आणि मुख्य म्हणजे वरण पातळ करावे लागत नाही.

तूर भरडायची रीत जुन्या बायांना माहीत आहे. तेल-पाण्याचा हात देऊन रात्रभर झाकून ठेवायची, दोन-तीन कडक उन्हे द्यायची, मग जात्यावर भरडायची. ज्यांच्या घरचे जाते अंगणात पालथे पडले आहे त्यांनी गिरणीतून भरडून आणावी. ठेवताना निंबाचा सुकलेला पाला घालावा. डबा पुरा कोरडा हवा. मी एकदा घाईत ओलसर डाळ भरली, पंधरा दिवसांत जाळी धरली.

दुसरी गोष्ट ज्वारीची. आपल्या लहानपणी घरोघरी ज्वारीची ढोली असे, गोवऱ्यांसारखी लिंपलेली. आता सगळीकडे कापूस आणि सोयाबीन, आणि ज्वारी बाजारातून. रेशनला गहू-तांदूळ मिळतो म्हणून भाकर मागे पडली. मी म्हणत नाही की सगळ्यांनी ज्वारी पेरा, रानडुकरे काय करतात ते मला माहीत आहे. पण धुऱ्याला चार ओळी, किंवा काढणीच्या दिवसांत रोख पैसे देऊन दोन पोती, एवढे जमते. सकाळच्या भाकरीवर माणूस दुपारपर्यंत टिकतो.

रेशनचा विषय निघाला म्हणून एक माझ्याच मूर्खपणाची गोष्ट. १ जानेवारी २०२३ पासून रेशनचे धान्य फुकट झाले. प्राधान्य कार्डावर माणशी पाच किलो, अंत्योदयवर घरटी पस्तीस किलो. आमच्या तांदळात तेव्हा काही दाणे वेगळे दिसत, पिवळसर, पाण्यात तरंगणारे. गल्लीत बोलवा उठली की हे प्लॅस्टिकचे. मी आणि शेजारच्या दोघी चाळणी घेऊन दुपारभर बसायचो आणि ते दाणे वेचून कोंबड्यांना टाकायचो. पुढे आशाताईंनी सांगितले तेव्हा कळले की तो तांदळाच्याच पिठाचा दाणा, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घातलेले, शंभर दाण्यांमागे एक. अंगात रक्त नाही म्हणून माझ्या मुलीला शाळेत गोळ्या चालू होत्या, आणि मी रक्ताचे औषध कोंबड्यांना चारत होते! आपल्याकडे सिकलसेलचे आजारी पुष्कळ आहेत. त्यांनी लोहाचे काही घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे, हे आशाताईंनी आवर्जून सांगितले होते. काही घरी तर हा तांदूळ फेरीवाल्याला दहा-बारा रुपयांत जातो. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, ज्यांचे त्यांना समजले.

आता चहा. याला तुम्ही रागवाल. आमच्याकडे पाच माणसे तीनदा घेत, म्हणजे दिवसाचे पंधरा कप. कपाला दोन चमचे साखर धरली तर महिन्याला साडेचार किलो साखर होते. पाहुण्यांची वेगळी. चायपत्ती, दूध वेगळे. आता दोनदा करते. तिसरा चहा, म्हणजे दुपारचा, तो माझाच होता, भूक मारायचा. आणि डॉक्टरांनी सांगितले की जेवणाबरोबर किंवा जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी लागत नाही, तास-दीड तास मध्ये जाऊ द्यावा. वरणावर, पालेभाजीवर लिंबू पिळले तर उलट जास्त लागते. लिंबाचे झाड परसात आहे, त्याला पैसा पडत नाही.

मुलांच्या खाऊच्या पुड्यांचा हिशेब मी एकदाच केला आणि पुन्हा करायचे धाडस झाले नाही. दोन मुले, रोज पाच-पाच रुपयांची एकेक पुडी. महिन्याचे तीनशे. त्या पुडीत वारा जास्त असतो. तीनशे रुपयांत दोन किलो शेंगदाणे येतात आणि वर गूळ येतो. मुले लगेच ऐकली असे सांगितले तर ते खोटे होईल. मुलगा आठ दिवस रुसला होता. अजूनही बाजाराच्या दिवशी एक पुडी द्यावी लागते.

भाजीपाल्याला मी पैसे कमी देते, पण भाजी कमी करत नाही. पावसाळ्यात तरोटा येतो, पुढे अंबाडी, चिवळ, काटवल. शेवग्याचा पाला तर बारा महिने. आपल्याकडे पेनगंगेपलीकडच्या तेलुगू सोयरिकी पुष्कळ. त्या बाया अंबाडीला गोंगुरा म्हणतात आणि तिची अशी पच्चडी करतात की ती महिनाभर टिकते. माझ्या शेजारणीकडून मी ती शिकले. न्हाणीचे पाणी पोपटाच्या वेलाला आणि दोडक्याला सोडले की चार महिने शेंगा-दोडके घरचे. पोडावरच्या कोलाम बाया टोपलीत रानभाजी घेऊन बाजारात बसतात. त्यांना जे माहीत आहे ते आपल्याला कोणत्या पुस्तकात मिळायचे नाही. कोणती भाजी कोवळी असताना घ्यावी, कोणती उकळून पाणी टाकावे, त्यांना विचारावे. एक मात्र हात जोडून सांगते, त्यांच्या दहा रुपयांच्या वाट्याला सहा रुपये म्हणू नका. ती काटकसर नव्हे. तिलाही घरी जाऊन कोणाला तरी वाढायचे आहे.

उधारीबद्दल थोडे बोलते. उधारीत दुकानदार देईल तो माल आणि सांगेल तो भाव. मोजून घेता येत नाही, परत करता येत नाही. २०२४ च्या जुलैपासून लाडक्या बहिणीचे महिना दीड हजार रुपये बायांच्या खात्यात येऊ लागले. पहिले काही हप्ते मी उधारी फेडायलाच घातले. त्यानंतर फाल्गुनात वर्षाची मिरची, हळद आणि गूळ रोखीने घेतला. आम्ही चौघींनी मिळून मिरचीचे एक पोते घेतले आणि घरीच कांडली, तर दुकानच्या तिखटापेक्षा बरीच स्वस्त पडली. रंगही राहिला. मंडळाने ठरवले तर यंदा वीस जणींचे एकत्र घेता येईल, चिटणीसबाईंनी मनावर घ्यावे.

तेल, गॅस यांबद्दल तुम्हा सर्वांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. डाळ आधी भिजवावी, तळण सणाला करावे, एवढेच.

कोणी म्हणेल, महागाई एवढी वाढली, तिथे एक बाई वहीत लिहून काय करणार? बरोबर आहे. १९७२ च्या दुष्काळात मुंबईच्या बाया मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. भाव वाढले म्हणून आम्ही कमी खाणार नाही, भाव खाली आणा, असे त्यांचे मागणे होते. मला ही गोष्ट फार आवडते. लाटणे हातात आपल्याही आहेच.

आता आमच्या घरी रात्री सगळे एकदम बसतो. भाकरी मधल्या टोपलीत, वरणाचे पातेले मध्ये, ज्याने त्याने घ्यायचे. पहिल्या दिवशी ह्यांना अवघड झाले. सासूबाई तर म्हणाल्या, "सून पहिल्या पंगतीले? असं कुठं असते काय?" मी म्हटले, "पंगत एकच आहे, तिच्यात पहिली कोणती?" तेव्हापासून त्या माझ्याजवळ बसतात. परवा टोपलीत एकच भाकर उरली होती. मी हात पुढे केला तो मोडून मुलीला द्यायला. पण तिने माझ्या आधी उचलली, चांगली अर्धी मोडून घेतली आणि उरलेली भावाच्या पुढून सरकवून आजीला दिली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझं झालं व, मी मोजत होतो. तीन."

तिचे हिमोग्लोबिन मागच्या तपासणीत साडेअकरा होते. माझे अकरा.

वही मी बरोबर आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहाच्या वेळी पाहावी. चहा जेवणानंतर तासाने ठेवला आहे, त्याबद्दल मी चिटणीसबाईंची आभारी आहे.